मांजरा नदी आणखी खोल करायची का? माझं मत: आधी काठच्या विहिरी मोजा

बालाघाटकर (धागा सुरू करणारा)

होळी झाली की मांजराकाठच्या गावांत वर्गणीच्या बैठका सुरू होतात. पोकलेनचा तासाचा दर, डिझेल कुणाचं, मुरूम कुणी उचलायचा यावर तासन् तास खल होतो. पात्राच्या तळाखाली काय आहे, हे कुणी विचारत नाही. ‘तीन मीटर खोल, साठ मीटर रुंद’ हा एकच आराखडा पाटोद्यापासून निलंग्यापर्यंत चालवायला माझा विरोध आहे.

नदी एक असली तरी पात्र सगळीकडं सारखं नाही. पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ बालाघाटावर उगम. तिथं पात्र उथळ आणि खडक उघडा. धनेगावच्या (मांजरा) धरणाखाली लातूर जिल्ह्यात काळ्या मातीचे उंच काठ, उतार नावापुरता, म्हणून नदी वळणं घेत चालते. निलंग्याच्या टोकाला तेरणा येऊन मिळते. पुढं कर्नाटक, मग तेलंगणातला निजामसागर, आणि उत्तरेला वळून कंदकुर्तीला गोदावरीत. ७२४ किलोमीटरच्या नदीला एकच माप कसं लागू पडेल?

आता जमिनीखालचं. वर काळी, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या दगड (मऊ, झिजणारा खडक), मग काळा पाषाण. पाणी साठतं ते मुरमात आणि झिजलेल्या मांजऱ्यात, साधारण वरच्या दहा-वीस मीटरांत. तेही थोडंच: अशा शंभर घनमीटर खडकातून हाती येणारं पाणी एक ते तीन घनमीटर. दिवाळीनंतर नदी वाहते ती याच पाझरावर. काठच्या विहिरीतली पातळी पात्राच्या तळापेक्षा वर असेल, तर पाणी विहिरींकडून नदीकडं येतंय. तिथं तळ तीन मीटर खाली नेला की पाझराचा उतार वाढतो आणि जानेवारीपर्यंत पुरणारी विहीर डिसेंबरातच आटते. पातळी तळाच्या खाली असेल, तर उलटं: खोदलेल्या डोहाचं पाणी विहिरींकडं जाईल आणि कामाचा उपयोग होईल.

म्हणून मोजणी. दर किलोमीटरला दोन्ही काठांच्या तीन-तीन विहिरी, पात्रापासून दोनशे मीटरच्या आतल्या. ऑक्टोबरअखेर, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये. मोटार निदान बारा तास बंद हवी, नाहीतर उपसलेली पातळी खरी समजून बसाल. कठड्यापासून पाण्यापर्यंत टेप सोडायचा, आणि कठडा व पात्राचा तळ यांची उंची डंपी लेव्हलनं (उंची मोजायच्या दुर्बिणीनं) एकाच खुणेपासून मोजायची. पोकलेनच्या एका दिवसाच्या भाड्यात हे सगळं बसतं.

थडीवरचा

दादा, मोजणीला ना नाही. पण ‘विहिरीकडून नदीकडं पाणी येतंय’ हे चित्र कोणत्या सालचं? बोअर आठशे-हजार फुटांवर गेलेत. काठच्या विहिरींचे तळ जानेवारीतच उघडे पडतात. पातळी पात्राच्या खाली गेलेलीच आहे, म्हणजे तुमच्याच नियमानं खोदायला हरकत नसावी!

आणि साधा हिशोब बघा. एक किलोमीटर लांब, ६० मीटर रुंद, ३ मीटर खोल म्हणजे १ लाख ८० हजार घनमीटर, १८ कोटी लिटर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पुढं मोठी गाडी सुरू झाली तेव्हा एका खेपेत २५ लाख लिटर यायचं. म्हणजे एका किलोमीटरच्या डोहात ७२ गाड्या मावतात, आणि त्या दर पावसाळ्यात फुकट भरतात. त्याच वर्षी लातूरजवळ साई-नागझरीच्या पट्ट्यात लोकांनी वर्गणी काढून पात्र खोल केलं, ते काय हौस म्हणून? तहान लागलेल्या गावाला तीन वेळा विहिरी मोजून या म्हणणं सोपं आहे.

ऊसमोजणी

७२ गाड्या ऐकायला भारी वाटतात. तोच आकडा दुसऱ्या बाजूनं लावतो. मोकाट पाण्यावर उसाला हेक्टरी साधारण २० हजार घनमीटर लागतं. १ लाख ८० हजार भागिले २० हजार म्हणजे ९ हेक्टर, सव्वाबावीस एकर. किलोमीटरभर डोहाच्या दोन्ही थडींना किती पाणबुड्या मोटारी बसतात ते मोजा आणि सांगा, ते पाणी एप्रिलपर्यंत पिण्याला उरेल का.

त्यात उन्हाचा वाटा वेगळाच. आपल्याकडं मार्च ते मे उघड्या पाण्यावरून दिवसाला आठ मिलिमीटर धरा, तीन महिन्यांत पाऊण मीटर गेलं. तीन मीटरचा डोह काहीही न उपसता सव्वादोन मीटरवर येतो.

धनेगावचा उपयुक्त साठा १७६.९६ दशलक्ष घनमीटर आहे. तो भरलेला असतानाही जे गाव मेमध्ये टँकर मागतं, त्याचं दुखणं खड्डा कमी पडल्याचं नाही.

थडीवरचा

ऊस कमी करा हे कारखान्याच्या गेटवर जाऊन सांगा, नदीच्या धाग्यावर नको. ठिबकवर तोच ऊस निम्म्याच्या आसपास पाण्यात येतो. आणि उपसा रोखायचा तर डोहावर मीटर लावा, वीज तोडा. मोटारवाला पाणी चोरतो म्हणून डोहच करू नका, हे कुठलं शास्त्र?

कातळ_आणि_काठ

दोघंही आकडे नीट मांडताय, पण प्रत्यक्ष काम कुठं बिघडतं ते राहिलं. ‘खोलीकरण’ म्हणून दोन अगदी वेगळी कामं एकाच बिलात घातली जातात.

पहिलं काम गाळ काढण्याचं. बंधाऱ्यामागं पाणी थांबतं, बारीक गाळ बसतो, तळावर चिकट थर धरतो आणि पाणी मुरायचं थांबतं. हा थर मूळ तळापर्यंत काढायला कुणाचीच हरकत नसावी. मूळ तळ ओळखायला दर शंभर मीटरवर आडव्या रेषेत तीन खड्डे घ्या. चिकट काळा गाळ संपून वाळू, गोटे किंवा मुरूम लागला की थांबा. निघालेला गाळ हलक्या, मुरमाड रानात टाका. एकरी चार इंचांचा थर द्यायचा तर साधारण १४५ ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागतो, तेव्हा ‘दहा ट्रॉल्या टाकल्या, रान सुधारलं’ ही नुसती समजूत. आधीच भारी काळी असलेल्या रानात गाळ टाकूच नका, पाण्याचा निचरा खुंटतो. सामू (पीएच) साडेआठच्या वर गेलेला गाळही नको.

दुसरं काम मूळ तळ फोडण्याचं, आणि खरं नुकसान इथं होतं. शासनाच्याच सूचना आहेत की तीन मीटरच्या खाली जायचं नाही आणि कठीण खडक फोडायचा नाही. पण ठेका घनमीटरवर असतो, म्हणून जिथं सोपं तिथं सहा मीटर आणि जिथं पाषाण तिथं शून्य. सरासरी मात्र तीन! असा खड्डा झाला की त्याच्या वरच्या तोंडाशी तळाला पायरी तयार होते. पुराच्या पाण्यात ती पायरी कापत कापत वर सरकते, कठीण खडक लागेपर्यंत थांबत नाही. मिळणाऱ्या ओढ्यांची तोंडं उंच राहतात, तेही कापायला लागतात. पुलाच्या खांबाचा पाया उघडा पडतो तो यामुळं, आणि लोक दोष देतात फक्त वाळूवाल्यांना. (वाळूवाले निर्दोष आहेत असं मुळीच नाही.)

काठाचंही तेच. ओली काळी माती उभ्या कापात टिकत नाही. पाणी झटकन उतरलं की मातीतलं पाणी बाहेर ढकलतं आणि काठ बसतो. उंचीला दीडपट ते दुप्पट आडवा उतार द्यायला हवा. प्रत्यक्षात पोकलेनचा दांडा पोचेल तसा सरळ काप मारला जातो. वर खोदलेली माती काठावरच ढीग करून ठेवतात. पूर आला की ती निम्मी परत पात्रात, आणि ढिगामुळं अडलेलं पाणी मागून रानात घुसून काठ फोडतं. सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यात रानंच्या रानं खरडून गेली. त्याला मुख्य कारण पाऊसच, पण काठावर ढिगारे असले की असं पाणी अधिक कापतं. माती निळ्या पूररेषेच्या (पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषेच्या) बाहेर नेली नाही तर बिल काढू नये, माझ्या मते एवढी एक अट पुरे.

खोदायचंच तर सलग चर नको. दोन-तीनशे मीटरचा डोह, मध्ये दहा-पंधरा मीटरचा न खोदलेला आडवा पट्टा, परत डोह. आणि करंज, वाळुंज, शेरणी उपटायची नाही. ‘साफसफाई’च्या नावाखाली पहिल्याच दिवशी काठ बोडका करतात, मग तोच काठ ढासळला म्हणून दगडी भिंतीचं अंदाजपत्रक तयार होतं.

वाळूखालचं_पाणी

वरच्यात एक भर. वाळूचा थर म्हणजे मोकळी जागा नव्हे. दीड मीटर वाळू, ६० मीटर रुंद, एक किलोमीटर. वीस टक्के पोकळी धरली तर १८ हजार घनमीटर पाणी. थडीवरचा म्हणतील हे डोहाच्या दहावा हिस्साच. खरंय. पण वरची अर्धा-पाऊण मीटर कोरडी झाली की खालच्या पाण्याला ऊन फारसं लागत नाही, ते गाळून मिळतं, आणि झिऱ्याला (वाळूत उकरलेल्या खड्ड्याला) घागरीनं घेता येतं. मोटारवाल्यांना वाळूतून ओढणं अवघड जातं, हा तर तिचा मोठाच गुण.

तवंग

खोलीवर एवढी चर्चा, आणि त्या खोलीत साठणार काय? माणशी रोज १३५ लिटर पुरवठा धरला तर शंभरच्या वर लिटर सांडपाणी होऊन बाहेर पडतं. शहराचं आणि काठच्या गावांचं हे पाणी नाल्यांतून पात्रात येतं. वाहती, उथळ, खळाळती नदी त्यातलं थोडं तरी पचवते. तिचा तीन मीटरचा थांबलेला डोह केला की वर हिरवा तवंग, खाली प्राणवायू शून्य. मग जूनच्या पहिल्या लोंढ्यात तळाचं काळं पाणी वर ढवळतं आणि मासे पहाटे तोंड वर काढून मरतात. लोक म्हणतात विष टाकलं. बहुतेक वेळा कुणी काही टाकलेलं नसतं.

मोजताना एक लबाडी चालते. अंघोळीच्या पाण्याला विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर आणि बीओडी (घाण कुजताना लागणारा प्राणवायू) ३ च्या आत हवा. दुपारी दोनला नमुना घेतला तर शेवाळानं सोडलेल्या प्राणवायूमुळं आकडा छान येतो. सूर्य उगवण्याआधी, वरून एक आणि तळाजवळून एक असे दोन नमुने घ्या. तेव्हा खरं कळेल.

जलपर्णी काढायची तर फुलं येण्याआधी. बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं. काढून काठावर ठेवली की पहिल्या पुरात परत पात्रात, हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी निविदा निघते. माझं मत स्पष्ट आहे: नाल्याच्या तोंडाशी सांडपाण्याची सोय होईपर्यंत शहराखाली एकही डोह खोदू नये.

थडीवरचा

तवंगराव, शहराखालचं पटलं. पण आमच्या वरच्या अंगाला सांडपाणी नाही, तिथं तुमची अट का लावता?

बर्ग्यांचा_हिशोब

खोदायचं की नाही यावर भांडताय, पण आहे ते पाणी कुठून जातंय ते बघा. कोल्हापुरी बंधाऱ्याला बर्ग्यांच्या (पाणी अडवायला खाचेत बसवायच्या फळ्यांच्या) दोन रांगा असतात, मधल्या जागेत चिकणमाती ठासायची असते. प्रत्यक्षात एकच रांग लावतात, माती टाकत नाहीत, रबर फाटलेलं, आणि चार-सहा बर्गे चोरीला गेलेले. दोन मीटर लांब आणि पाच मिलिमीटर रुंद एवढी एकच फट तळाशी असेल आणि वर दोन मीटर पाण्याचा दाब असेल, तर त्यातून दिवसाला तीस लाख लिटरच्या वर पाणी निसटतं. म्हणजे थडीवरच्यांची एक अख्खी गाडी, रोज. बंधाऱ्याला अशा फटी किती, ते नोव्हेंबरात खालच्या बाजूला उभं राहून मोजा.

बालाघाटकर

हे मूळ धाग्यातच यायला हवं होतं. थडीवरचे, पातळी खाली आहे हे तुमचं म्हणणं एप्रिलला खरं असेल. ऑक्टोबरअखेर आणि जानेवारीला पण खरं आहे का, एवढंच विचारतोय. तिन्ही वेळा तळाच्या खाली निघाली तर त्या किलोमीटरला माझा विरोध संपला. बर्गे मात्र आधी.

थडीवरचा

बर्गे आधी, मान्य. पण टाकायचे कधी? बर्गे टाकायच्या नेहमीच्या १५ ऑक्टोबरची वाट बघितली तर कमी पावसाच्या वर्षी वाहतं पाणी निघून गेलेलं असतं. सप्टेंबरअखेर टाकले पाहिजेत.

कातळ_आणि_काठ

आणि परतीचा पाऊस २०२५ सारखा आला तर? बर्गे पाण्याच्या दाबाखाली हातानं निघत नाहीत, पाणी बाजूचा काठ फोडून जातं. सप्टेंबरात अडवायचं असेल तर त्या बंधाऱ्याला उचलायची दारं बसवा. ती नसतील तर वरच्या धरणाचा साठा आणि विसर्ग बघून, प्रत्येक गाळ्यात खालच्या निम्म्या उंचीपर्यंतच बर्गे टाका, वरची निम्मी उंची १५ ऑक्टोबरपर्यंत मोकळी ठेवा.

थडीवरचा

निम्मी उंची चालेल. पण विसर्गाचा निरोप बंधाऱ्यावर कोण पोचवणार, ते आधी ठरवा. रात्री दोनला बर्गे काढायला माणूस कुठला आणायचा?