असॉक, एफटाइप (कोणती फाइल कशाने उघडते ते दाखवणाऱ्या सीएमडीच्या कमांड) दोन्ही बरोबर दिसतंय तरी पायथन स्क्रिप्टला आर्ग्युमेंट पोचत नाही

प्रश्न:
विंडोज १० आहे. पगाराच्या सीएसव्हीवरून हिशोब काढणारी छोटी स्क्रिप्ट आहे. सीएमडीत "पायथन हिशोब.पीवाय मार्च.सीएसव्ही" असं पूर्ण टाइप केलं की मस्त चालते, पण नुसतं "हिशोब.पीवाय मार्च.सीएसव्ही" दिलं की स्क्रिप्ट सुरू होते आणि सिस.आर्गव्हीमध्ये (स्क्रिप्टला मिळालेल्या आर्ग्युमेंटची यादी) फक्त तिचंच नाव, मार्च.सीएसव्ही गायब. असॉक .पीवाय केलं तर पायथन.फाइल येतं, एफटाइप पायथन.फाइल बघितलं तर शेवटी %* (म्हणजे पुढची सगळी आर्ग्युमेंट) पण आहे. मग अडतंय कुठे?

उत्तर १:
असॉक आणि एफटाइप फक्त पूर्ण मशीनची नोंद दाखवतात, म्हणजे रजिस्ट्रीतलं (विंडोजच्या सेटिंगचा साठा) एचकेएलएम. विंडोज मात्र आधी तुमच्या लॉगिनचं यूजरचॉइस, म्हणजे तुम्ही निवडलेलं ॲप, बघतं. कोणीतरी राइट क्लिक, ओपन विथ, पायथन.ईएक्सई शोधून "ऑलवेज" टिक केलं असणार. त्यातून जी नोंद तयार होते तिच्यात नुसतं "%1" (फाइलचं नाव) असतं, %* नसतं, म्हणून फाइल उघडते पण पुढचं सगळं गळतं. रेग क्वेरी करून एचकेसीयूमध्ये (रजिस्ट्रीतला तुमच्या लॉगिनचा भाग) एक्सप्लोररखाली फाइलएक्स्ट्स\.पीवाय\यूजरचॉइस बघा, प्रोगआयडी (उघडणाऱ्या नोंदीचं नाव) काय येतो ते सांगा.

प्रश्नकर्ता:
ॲप्लिकेशन्स\पायथन.ईएक्सई येतंय! मग असॉकने परत पायथन.फाइल सेट केलं तर होईल का?

उत्तर १:
नाही होणार, यूजरचॉइसच वरचढ राहतं. आणि ती व्हॅल्यू हाताने बदलायला जाऊ नका, विंडोज ८ पासून तिच्यासोबत हॅश (पडताळणीचा कोड) असतो, तो जुळला नाही तर विंडोज ती मानत नाही. परत ओपन विथमध्ये जा आणि या वेळी ब्राउझ न करता यादीतलं लाँचरवालं पायथन (पीवाय.ईएक्सई) निवडा, झालं.

उत्तर २:
बऱ्याच पीसींवर करायचं असेल तर डिझमने (विंडोजची एक कमांड) डिफॉल्ट ॲप्सची एक्सएमएल एक्सपोर्ट-इम्पोर्ट करता येते, पण ती नवीन यूजरच्या पहिल्या लॉगिनलाच लागते, आधीच्या प्रोफाइलना नाही. शिवाय बॅच फाइलमध्ये एफटाइप लिहिताना % दोनदा द्या, %%1 %%* असं, नाहीतर ती चिन्हं बॅच फाइलच गिळते. पॉवरशेलमध्ये असॉक थेट चालत नाही, सीएमडी /सी लावून चालवा. पण माझं स्पष्ट मत, पगाराचं काम असेल तर असोसिएशनच्या भरवशावर राहूच नका, शॉर्टकटमध्ये सरळ "पीवाय हिशोब.पीवाय" लिहा.

प्रश्नकर्ता:
ओपन विथमधून लाँचर निवडला, मार्च.सीएसव्ही पोचली 🙏 बाकीच्या पीसींवर पीवायवालाच शॉर्टकट टाकतो.