मदत हवी आहे: ४२९४९६७२९७ चे अवयव दहावीच्या मुलीला कसे समजावू?

नमस्कार मंडळी,

२ चा ३२ वा घात (२^३२) अधिक १ म्हणजे ४२९४९६७२९७. ही मूळ संख्या आहे असं गणितज्ञ फर्माला वाटत होतं. पुढे गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये ते खोडून काढलं: ६४१ × ६७००४१७.

६४१ ने भाग जातो, एवढं भाचीला पटलंय. ६४१ = ५×२^७ + १, शिवाय ६४१ = ५^४ + २^४. पहिल्यावरून ५^४×२^२८ − १ ला भाग जातो, दुसऱ्यावरून ५^४×२^२८ + २^३२ ला. वजाबाकी केली की २^३२ + १ उरतात. काय सुंदर आहे हे! ती खूशच झाली.

पण तिचा पुढचा प्रश्न रास्त आहे: ६४१ सुचला कसा? या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असतो, म्हणून १९३, २५७, ४४९, ५७७ तपासले की लगेच ६४१ येतो. पण असाच अवयव का? मला येणारी सिद्धता फर्माच्या छोट्या सिद्धांतावर (p ही मूळ संख्या असेल आणि a ला p ने भाग जात नसेल, तर a^(p−१) ला p ने भागल्यावर बाकी १ उरते) उभी आहे, आणि तो तिला अजून माहीत नाही. २ च्या घातांना त्या अवयवाने भागल्यावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या बाक्यांचं नुसतं चक्र मांडून हे दाखवता येईल का? शाळेत शिकवणाऱ्यांनी जरूर सांगा. पायऱ्या सविस्तर लिहिल्यात तर फार बरं होईल.