हायस्कूल चालायचं कोणाच्या पैशावर? (सातारा-सांगली, १८८०-९०चा काळ)

येरळाकाठ:
नमस्कार मंडळी. आमचं मूळ गाव तासगाव तालुक्यात. पणजोबा इंग्रजी तिसरी झाले आणि शाळा सुटली, असं आजी सांगायची. काळ १८८५-९०च्या आसपासचा असावा. घरची जमीन होती, सारा वेळेवर भरला जायचा, तरी ‘हायस्कूल आपल्याला झेपणारं नव्हतं’ एवढंच घरात ऐकत आलोय. त्या काळी हायस्कूल चालायचं कोणाच्या पैशावर? सरकारच्या, फीच्या, की संस्थानिकांच्या? आणि सारा भरणाऱ्याच्या पोराला ते का झेपू नये? चुलतभावांत यावरून वाद पेटलाय. जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

जुना राजवाडा:
साताऱ्यात आयुष्यभर मास्तरकी केली, शेवटी शेवटी शाळेचा जमाखर्चही माझ्याच गळ्यात होता. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

आधी ‘इंग्रजी तिसरी’चं सांगतो, कारण तुमचं अर्धं उत्तर तिथेच आहे. मुंबई इलाख्यात चार यत्ता मराठी झाल्या की इंग्रजी पहिली सुरू व्हायची. पहिली ते तिसरी म्हणजे अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळा, चौथी ते सातवी म्हणजे हायस्कूल, आणि शेवटी मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक. म्हणजे पणजोबांची शाळा मध्येच सुटली नाही. जवळपासची शाळा जिथे संपत होती तिथपर्यंत ते शिकले. पुढचं हायस्कूल जिल्ह्याच्या गावी, आणि तेव्हा तासगाव सातारा जिल्ह्यात होतं (आजच्या सांगली जिल्ह्याचा भाग १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा निघाला). सातारा तासगावपासून शंभरावर किलोमीटर.

आता पैसा. १८५४ साली वुडचा खलिता (हिंदुस्थानातल्या शिक्षणाचं धोरण ठरवणारा विलायतेचा आदेश) आला, पुढच्या वर्षी शिक्षण खातं झालं. जिल्ह्याचं सरकारी हायस्कूल सरकारी तिजोरीतून आणि मुलांच्या फीतून चाले. तिजोरी भरत होती मुख्यतः शेतसाऱ्यातून. शिवाय १८६०च्या दशकात साऱ्यावर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ बसला. त्यातला दोन तृतीयांश रस्त्यांना आणि एक तृतीयांश शाळांना, पण त्या शाळा म्हणजे गावच्या मराठी शाळा. तुमच्या खापरपणजोबांनी साऱ्यातून हायस्कूलला पैसे दिले आणि वरच्या आण्यातून मराठी शाळेलाही दिले. मुलाच्या वाट्याला आली ती मराठी शाळा आणि इंग्रजीच्या तीन यत्ता.

मी म्हणतोय त्यात नवं काही नाही. ज्यांचं मूळ घराणं आपल्याच जिल्ह्यातल्या कटगुणचं, त्या जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढच्या (सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढच्या) निवेदनात हेच मांडलं: राज्याचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांकडे जातो. लोकल फंडाचा निदान अर्धा हिस्सा फक्त प्राथमिक शिक्षणाला द्या, अशी त्यांची मागणी होती.

हळदीचं पेव:
राजवाडा सर, छान माहिती. पण तासगावला सांगली-मिरज जवळ. साताऱ्याला जायची गरजच काय? ही तर संस्थानं होती, राजांनी शाळा काढल्या असतीलच की.

जुना राजवाडा:
बरोबर. सांगली, मिरज, जत, औंध ही संस्थानं, आणि मधेमधे तासगाव, वाळवा, खानापूर हा इंग्रजी मुलूख. संस्थानात शाळेचा खर्च दरबारच्या खजिन्यातून निघे, आणि शिक्षणावर किती खर्च करायचा हे दरबारच्या मर्जीवर. शेवटी परीक्षा मात्र मुंबई विद्यापीठाचीच, म्हणून शिकवायचं तेच.

पण खजिना कोणाचाही असो, माझ्या मते फी हा खरा अडसर नव्हताच. फी माफ होऊ शकायची, त्याला नादारी म्हणत. परगावच्या मुलानं राहायचं कुठे आणि जेवायचं कुठे? ब्राह्मणाच्या गरीब मुलाला माधुकरी मागता येत असे, किंवा वार लावता येत: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. हाल होतेच, अपमानही होता, पण दोन वेळ पोटात काहीतरी पडे आणि मुलगा मॅट्रिकपर्यंत तग धरे. टेंभूच्या गोपाळ गणेश आगरकरांनी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करत शिक्षण पुरं केलं. कुणब्याच्या मुलाला हे वार कोण देणार? हा खर्च कुठल्याच हिशेबाच्या वहीत दिसत नाही, आणि गळती नेमकी तिथेच होत होती.

माहुलीची सून:
सर, खासगी शाळांचं काय? टिळक-आगरकर तर सरकारी पैशाशिवाय शाळा चालवत होते ना?

जुना राजवाडा:
ताई, अगदी सरकारी पैशाशिवाय असं नाही. १८८२च्या हंटर आयोगाचं धोरण होतं की सरकारनं दुय्यम (म्हणजे माध्यमिक) शिक्षणातून हळूहळू अंग काढून घ्यावं आणि खासगी शाळांना अनुदान द्यावं. आपल्या इलाख्यात हे अनुदान निकालावर मिळायचं. खात्याचा साहेब वर्षातून एकदा येणार, मुलगा मुलगा उभा करून तपासणार, आणि विषयवार जितके पास तितके पैसे. परीक्षेच्या दिवशी मुलगा आजारी पडला तर त्याचे पैसे गेले. मी स्वतः जमाखर्च सांभाळलाय, म्हणून सांगतो, पुढच्या वर्षी हातात किती येणार हे ठाऊक नसताना मास्तरांचा पगार ठरवणं म्हणजे जिवाला घोर. असल्या पद्धतीत कच्च्या मुलाला शाळेत घ्यायची हिंमत कोण करील?

मग ती तूट भरली कोणी? कोल्हापूरच्या छत्रपतींपासून दक्षिणेतल्या संस्थानिकांनी देणग्या दिल्या हे खरं, टिळक-आगरकरांचे सहकारी नामजोशी यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. पण मला विचाराल तर सर्वांत मोठी देणगी मास्तरांची. १८८०च्या जानेवारीत पुण्यात टिळक मंडळींचं हे न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली. आजीव सदस्यानं वीस वर्षं द्यायची आणि पंचाहत्तर रुपयांवर भागवायचं. सरकारी नोकरीत गेले असते तर त्या पदवीधरांना कितीतरी जास्त मिळालं असतं. तो न घेतलेला पगार ही शाळेची खरी गंगाजळी. याच सोसायटीनं १८९९ साली साताऱ्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं. तुमच्या पणजोबांसाठी मात्र दहाएक वर्षं उशिरा.

हळदीचं पेव:
तरी एक मान्य करा सर. इंग्रजांनी निदान दार तरी सगळ्यांना उघडं ठेवलं.

जुना राजवाडा:
मान्य, आणि त्याचा संबंधही पैशाशीच आहे. १८५८ साली ठरलं की ज्या शाळांचा पूर्ण खर्च सरकार करतं त्या सर्व जातींना खुल्या. म्हणून साताऱ्याच्या राजवाड्यातल्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी १९१४व्या क्रमांकावर ‘भिवा रामजी’, म्हणजे आपले बाबासाहेब आंबेडकर, हे नाव आलं. त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय की शाळेत त्यांना एका कोपऱ्यात वेगळं बसावं लागे. बसायचं गोणपाट वेगळं, शाळेचा झाडूवाला त्याला हात लावत नसे, ते संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. ते रजिस्टर आणि ते गोणपाट एकाच शाळेतले आहेत, एवढं लक्षात ठेवूया.

आणि बघा, ज्यांना ही अडचण खरी कळली त्यांनी सुरुवात कुठून केली? शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात वसतिगृहं काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग आणलं. त्यांचं साताऱ्यातलं महाराजा सयाजीराव हायस्कूल आलं १९४० साली. आधी भाकरी आणि निवारा, मग वर्ग. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो.

येरळाकाठ:
सर, मनापासून आभार. आजपर्यंत आम्ही पणजोबांनी शाळा सोडली असंच म्हणत होतो. आता याचा कागद कुठे मिळेल का?

जुना राजवाडा:
पणजोबा ज्या शाळेत गेले असतील तिथे जुनं जनरल रजिस्टर आहे का विचारा आणि निर्गम उतारा मागा. त्यात शेवटच्या रकान्यांत ‘शाळा सोडल्याचे कारण’ असतं, ते आधी बघा. बऱ्याचदा मोडीत असतं, फोटो काढून इथे टाका, मी वाचून देतो. मुख्याध्यापकांना आधी फोन करून जा, आणि दुपारच्या सुट्टीनंतर जा. सकाळी कारकुनाला मान वर करायला सवड नसते.