आटे आधी, टॉर्क नंतर

जुन्या कार्टच्या (छोट्या रेसगाडीच्या) इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, बसवताना टॉर्क रेंच (ठरवलेला जोर आला की वाजणारा पाना) 'कट्' वाजला की काम झालं, असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. रेंच मोजतो तो पिळायला लागलेला जोर, बोल्ट किती ताणला गेला ते नाही. त्या जोरातला साधारण नव्वद टक्के जोर आट्यांमधलं आणि बोल्टच्या डोक्याखालचं घर्षणच खातं. म्हणून गंजट आट्यांवर रेंच वेळेआधी वाजतो आणि हेड गळतं. उलट, कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावून वापरला तर बोल्ट जादा ताणला जातो.

जुन्या टू-स्ट्रोक कार्ट इंजिनाचं क्रँककेस, म्हणजे खालचं कवच, हलक्या, मऊ धातूचं असतं. माझ्या हातून एकदा आटा गेला, तेव्हा बोल्टला चंदेरी स्प्रिंगसारखा वेटोळा अडकून बाहेर आला. शेवटी हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवावं लागलं. तेव्हापासून प्रत्येक बोल्ट आधी बोटांनी तळापर्यंत फिरवून बघतो. अडला तर आटे साफ करायचे, जोर लावायचा नाही. बंद, म्हणजे आरपार नसलेल्या, भोकात तेलाचं थारोळं तर मुळीच नको. दाबानं कास्टिंग (ओतीव भाग) तडकतं.

मग समोरासमोरचे बोल्ट आवळायचे, तीन टप्प्यांत, इंजिन थंड असताना.

आणि एकक नीट वाचा! जुन्या अमेरिकी पुस्तिकांत लहान बोल्टांचे आकडे बऱ्याचदा इंच-पाउंडात असतात. १०० इंच-पाउंड म्हणजे जेमतेम ११.३ न्यूटन-मीटर. फूट-पाउंड समजलात तर बारापट जोर लागेल.