मदत हवी आहे: पूर ओसरला, मोफत धान्याच्या यादीत नावं नाहीत आणि रेशनच्या मशीनवर शिल्लक शून्य

नदीकाठ:
सांगली जिल्ह्यातलं कृष्णाकाठचं गाव आहे. पाणी उतरलंय, गाळ काढणं सुरू आहे. मोफत धान्याची यादी ग्रामपंचायतीत लागली, त्यात आमच्या गल्लीतली काही घरं नाहीत. अडचणी वेगवेगळ्या आहेत, म्हणून सुट्या लिहितो.

१) चार घरांत पाणी शिरलं होतं, पण पंचनाम्याला माणसं आली तेव्हा घरांना कुलपं. माणसं शाळेतल्या छावणीत किंवा पाहुण्यांकडे होती.
२) एका घरचं रेशनकार्ड भिजून लगदा झालंय.
३) दोन भाऊ, एक घर, दोन चुली, पण कार्ड एकच. धान्य एकाचंच मिळणार म्हणतात.
४) वीटभट्टीवरची दोन कुटुंबं भाड्याच्या खोलीत राहतात. कार्ड परजिल्ह्यातलं.
५) पाच-सहा घरांनी रेशन आधीच उचललं होतं, ते घरातच भिजलं. दुकानदार म्हणतो, मशीन शिल्लक दाखवत नाही.

कोणी कुठं जायचं आणि कागद काय न्यायचे? घरात दोन दिवसांचं पीठ आहे, त्यामुळे जे आधी करायचं ते आधी सांगा.

शिधा:
सगळ्यात आधी एक गोष्ट गल्लीत सगळ्यांना समजावून सांगा. धान्य दोन वाटांनी येतं आणि दोन्ही वाटा वेगळ्या आहेत.

पहिली वाट महिन्याच्या रेशनची. ती अन्न सुरक्षा कायदा २०१३ खाली येते. अंत्योदय कार्डाला महिना ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, जानेवारी २०२३ पासून हे मोफत आहे. ते ई-पॉस मशीनवर अंगठा लावून मिळतं. पूर येवो न येवो, हा हक्क तसाच राहतो.

दुसरी वाट आपत्तीच्या धान्याची. त्यासाठी शासन त्या त्या पुरानंतर वेगळा शासन निर्णय काढतं. २०१९ ला आणि २०२१ ला कुटुंबामागे १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ होते. हे धान्य वाटलं जरी रेशन दुकानातून गेलं, तरी ते मिळतं बाधितांच्या यादीवर, आणि यादी उभी राहते पंचनाम्यावर. पाचव्या मुद्द्यातल्या लोकांची गल्लत इथंच झालीय. ‘शिल्लक शून्य’ म्हणजे महिन्याचं रेशन उचललं, एवढाच अर्थ. त्यावरून आपत्तीचं धान्य नाकारता येत नाही. २०२५ मध्ये तर जून, जुलै, ऑगस्टचं धान्य पावसाळ्याआधीच एकदम उचलायला सांगितलं होतं. अशा वर्षी पूर आला की तीन महिन्यांचा साठा एकाच रात्रीत जातो.

म्हणून त्या पाच-सहा घरांनी दुकानदाराशी वाद घालू नये. मशीन त्याच्या हातात नाही. त्यांनी पंचनाम्यात ‘घरातील धान्यसाठा भिजून नष्ट’ हे शब्द आणि अंदाजे किलो लिहून घ्यावेत.

पीठ दोन दिवसांचंच असेल तर आज जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करा. गाव, कुटुंबं किती, माणसं किती, लहान मुलं किती, हे एका दमात सांगा. कोणी घेतला, किती वाजता, हे लिहून ठेवा. रेशनची तक्रार वेगळी, ती १९६७ किंवा १८००-२२-४९५० वर.

सातबारा:
पंचनाम्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण चारही घरांचं काम तिथंच अडलंय.

कुलूप दिसलं की पाहणी करणारा पुढच्या घरी जातो. त्याच्यामागे गावं लागलेली असतात. त्यामुळे ‘परत येतील’ म्हणून वाट बघू नका, फेरपंचनाम्याचा लेखी अर्ज करा. तलाठ्याला हल्ली कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. अर्ज मात्र तहसीलदारांच्या नावे करा आणि प्रत तलाठ्याला द्या. चारही घरांचा मिळून एक अर्ज करू नका. घरागणिक वेगळा करा, नाहीतर एकाचं कागदपत्र अडलं की चौघांचं अडतं.

मजकूर साधा ठेवा:

‘विषय: पूरबाधित कुटुंबांच्या यादीत नाव समाविष्ट होऊन मोफत धान्य मिळणेबाबत.
महोदय, मी मौजे ___ येथील रहिवासी असून घर क्रमांक ___ मध्ये ___ माणसे राहतो. दि. ___ रोजी ___ वाजता घरात पाणी शिरले व दि. ___ रोजी ___ वाजता ओसरले. घरातील अंदाजे ___ किलो धान्य नष्ट झाले. पाहणीच्या दिवशी आम्ही ___ येथे स्थलांतरित होतो. कृपया फेरपंचनामा व्हावा.’

पाणी शिरल्याची आणि ओसरल्याची वेळ गाळू नका. २०१९ च्या शासन निर्णयात घर दोन दिवस पाण्याखाली असल्याची अट होती आणि त्यावरून लोकांचा मोठा संताप झाला होता. या वेळच्या निर्णयात अट कशी आहे ते शब्दशः वाचा. ‘साधारण दीड दिवस’ असं तोंडी कोणी बोललं की तेच कागदावर चढतं. तास मोजून लिहा. घराच्या मागच्या खोलीत किंवा परड्यात पाणी जास्त वेळ राहिलं असेल तर तेही लिहा, पण जे खरं आहे तेवढंच. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी रोज जाहीर होते, तिथं ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका पातळी आहे. तुमचं गाव पुलाच्या जवळपास असेल तर त्या दिवसांचे आकडे अर्जाला जोडा.

भिंतीवरची पाण्याची खूण फोटो काढल्याशिवाय धुऊ नका. गाळाची ती तपकिरी रेघ, शेजारी दार किंवा उभा माणूस, म्हणजे उंची कळते. भिजलेल्या धान्याचाही फोटो घ्या. गव्हाच्या पिंपात वरून कोरडं दिसतं, हात कोपरापर्यंत घातला की खाली गरम लागतं, आंबूस वास येतो आणि मोड फुटलेले दाणे मुठीत येतात. ते वर काढून फोटो काढा आणि मग टाका. पुराच्या पाण्यात मैला आणि शेतातली औषधं मिसळलेली असतात, त्यामुळे वाळवून दळायचा मोह नको.

छावणीत होते त्यांची नावं छावणीच्या नोंदवहीत असतात. त्या पानाचा फोटो किंवा मुख्याध्यापकांचं दोन ओळींचं पत्र, हा कुलपाचा सगळ्यात चांगला खुलासा. पाहुण्यांकडे गेले होते त्यांनी शेजारच्या दोन बाधित घरांच्या सह्या घ्याव्यात.

अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे तोंडी बोलणं.

नदीकाठ:
सातबारा, मजकूर तसाच उतरवून घेतला. एक शंका. यादीत नाव नसलेल्यांत एक घर पांढऱ्या, म्हणजे जास्त उत्पन्नवाल्यांच्या कार्डाचं आहे. त्यांना अर्ज करू द्यायचा का? आणि कार्डाचा लगदा झालाय त्यांचं काय?

शिधा:
करू द्या. अन्न सुरक्षा कायद्याचं रेशन उत्पन्नावर ठरतं, प्राधान्य कुटुंबाला गावात वर्षाला ४४ हजार आणि शहरात ५९ हजारांची मर्यादा आहे. आपत्तीचं धान्य घर बुडालं का, यावर चालतं. नेमके शब्द शासन निर्णयात बघा. ‘बाधित कुटुंब’ एवढंच लिहिलं असेल तर कार्डाच्या रंगावरून नाव कापता येत नाही.

कार्ड भिजलं तरी नोंद ऑनलाइन असते. बारा अंकी आरसी नंबर, म्हणजे रेशनकार्डाचा ऑनलाइन नंबर, लागतो. तो जुन्या पॉस पावतीवर असतो, नाहीतर दुकानदार कुटुंबातल्या कुणाच्याही आधारवरून मशीनवर काढून देतो. त्यावर ई-शिधापत्रिका निघते. दुय्यम कार्डासाठी आत्ता तहसीलला खेटे घालू नका, ते महिन्याभरानं केलं तरी चालतं.

अंगठ्याचंही आत्ताच सांगतो. चार दिवस पाण्यात आणि गाळात काम केलं की बोटांची कातडी सुरकुतते, साल निघते, ठसा उमटत नाही. हात धुऊन, पूर्ण कोरडे करून दुसरं बोट लावा, मग घरातल्या दुसऱ्या सदस्याचं. नव्या मशीनला डोळ्याचं स्कॅनर आहे, ते मागा. आधारची पडताळणी झाली नाही एवढ्यावरून लाभार्थ्याला धान्य नाकारू नये, असं केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. दुकानदार नाहीच म्हणाला तर तहसीलच्या पुरवठा निरीक्षकाला तिथूनच फोन लावा.

पाणंद:
वीटभट्टीवाल्यांचं सांगते, कारण ती माणसं नेहमी शेवटी राहतात.

महिन्याच्या रेशनसाठी ‘एक देश, एक रेशनकार्ड’ आहे. कार्ड अन्न सुरक्षेतलं असेल तर परजिल्ह्यातलं, परराज्यातलं सुद्धा, इथल्या दुकानात अंगठ्यावर चालतं. फक्त गावाकडे राहिलेल्यांनी आधी उचललं असेल तर तेवढं इथं कमी मिळतं. म्हणून गावाकडे आधी फोन करून विचारा. कार्ड जवळ नसलं तरी आधार नंबर पुरतो.

आपत्तीचं धान्य मात्र असं फिरत नाही. ज्या गावात बुडाले त्याच गावच्या यादीत नाव हवं. पंचनाम्यात पुष्कळदा घरमालकाचं नाव लागतं आणि भाडेकरू गळतो. लाइट बिल मालकाचं असतं, म्हणून त्यांनी भट्टीमालकाचं किंवा घरमालकाचं ‘अमुक तारखेपासून राहतात’ असं पत्र, गॅसचं पुस्तक असेल तर ते, आणि मुलं शाळेत असतील तर शाळेचा दाखला जोडावा. मालकाने आपल्या नावावर त्या खोलीचं धान्य घेतलं असेल तर अर्जात तसं लिहा, भांडण करू नका. मालकाचं आणि भाडेकरूचं कुटुंब वेगळं आहे, हे दाखवणं महत्त्वाचं.

दोन भावांचं अवघड आहे, खोटी आशा दाखवत नाही. एक कार्ड म्हणजे एक कुटुंब, असाच अर्थ बहुतेक ठिकाणी लावतात. वेगळ्या घरपट्टीची पावती किंवा वेगळा गॅस असेल तर दोन स्वतंत्र पंचनामे मागता येतात. नसेल तर आलेलं धान्य दोघांत वाटून घ्या, आणि विभक्त कार्डाचा अर्ज लगेच टाका.

मिरजेची आक्का:
छावणीत अजून माणसं आहेत का? असतील तर सगळ्यांनी एकदम घर गाठायची घाई करू नका. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम १२ खाली छावणीतल्या अन्नपाण्याचे किमान निकष ठरलेत: मोठ्या माणसाला दिवसाला २४०० कॅलरी, लहान मुलांना १७००, पिण्याचं पाणी माणशी किमान ३ लिटर, मुलांना आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना दूध. नुसत्या खिचडीवर दिवस काढत असतील तर हे आकडे छावणीप्रमुखाला सांगा. घरी आलेल्या गरोदर बाया आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलांची नावं अंगणवाडी सेविकेकडे द्या. घरपोच आहार त्यांना पुरातही लागू आहे.

आणि धान्य मिळालं तरी चूल पेटते का ते बघा. लाकडं ओली, शेगडीत गाळ, गिरणी बंद असली की १० किलो गहू घरात नुसता बसून राहतो. वाटपाच्या वेळी गव्हाऐवजी तांदूळ मिळेल का, हे विचारा. आदेशात सोय असेल तर देतात, पण आपणहून कोणी सांगत नाही.

नदीकाठ:
चारही अर्ज दिले, पोच मिळाली. वीटभट्टीच्या दोन्ही कुटुंबांचे उद्या देतोय. नियंत्रण कक्षाला फोन झाला, संध्याकाळपर्यंत शाळेतून शिजवलेलं जेवण गल्लीत येईल असं कळवलंय. आठवड्यात उत्तर आलं नाही तर पुढं कुठं?

सातबारा:
आठवडा थांबू नका. तिसऱ्या दिवशी आवक क्रमांक घेऊन तहसीलच्या आपत्ती कक्षात जा आणि पुरवणी यादी निघतेय का ते विचारा. पहिल्या यादीनंतर पुरवणी यादी निघाली तर त्यात नाव घालून घेणं सगळ्यात सोपं. तिथं नाहीच झालं तर उपविभागीय अधिकारी, मग जिल्हाधिकारी. महिन्याच्या रेशनची तक्रार असेल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १५ खाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग. हक्काचं धान्य मिळालंच नाही तर कलम ८ खाली अन्न सुरक्षा भत्ताही मागता येतो.

शिधा:
वाटपाच्या दिवशी एवढं करा. गोणी उतरताना बघा, तळाला ओल असेल किंवा दाण्याला बुरशी असेल तर ती वाटपाला घेऊ देऊ नका. दुकान पाण्यात गेलं असेल तर आतल्या साठ्याचा वेगळा पंचनामा झालेला असायला हवा. वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर, पिशवी ठेवून आधी शून्य करून घ्या. वाटप-नोंदवहीत सही करण्याआधी तुमच्या नावापुढे किती किलो लिहिलंय ते वाचा. कोरी जागा असेल तर तिथंच आकडा भरायला लावा, आणि पानाचा फोटो घ्या.