२ ऑगस्ट २०२७ : कॅम्पसवर ग्रहणोत्सव करायचा तर काय लागतं?

२ ऑगस्ट २०२७, सोमवार, आषाढी अमावस्या. नाशकातून खंडग्रास सूर्यग्रहण आहे आणि त्याच दिवशी सिंहस्थाची पहिली पर्वणी आहे. वर पावसाळा. गावातल्या दोन-तीन कॅम्पसवर ग्रहणोत्सवाची जुळवाजुळव सुरू झाली आहे, म्हणून हा धागा. २६ डिसेंबर २०१९ किंवा २५ ऑक्टोबर २०२२ च्या ग्रहणांना ज्यांनी दुर्बिणी, पेट्या, चष्मे, रांगा सांभाळल्या, त्यांनी लिहावं. आठवणी नकोत. मापं द्या, क्रम द्या, आणि कुठे फसतं ते आधी सांगा.

दुर्बीणवाला

सुरुवात जागेपासून. दुपारी पावणेपाचच्या सुमारास नाशकात सूर्य क्षितिजापासून साधारण ३२-३३ अंशांवर असेल, पश्चिमेच्या किंचित उत्तरेला. हात लांब करून मूठ धरली की एक मूठ म्हणजे अंदाजे १० अंश. क्षितिजापासून तीन मुठी आणि वर थोडं. या उंचीवर १५ मीटरच्या इमारतीची सावली २३ मीटरपर्यंत पडते, आणि पुढे ती लांबतच जाते. म्हणजे पश्चिमेला वसतिगृह किंवा गुलमोहराची रांग असलेलं मैदान बाद.

हे जुलैत तपासायला गेलात तर सूर्यच दिसणार नाही. तपासणी ११ मेच्या आसपास करा. त्या दिवशी सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) २ ऑगस्टइतकीच, सुमारे पावणेअठरा अंश उत्तर असते. फक्त घड्याळात १० मिनिटांचा फरक पडतो: मे महिन्यात ४.३५ ला सूर्य जिथे दिसेल, तिथेच ऑगस्टात ४.४५ ला. खडूने जमिनीवर ट्रायपॉडच्या खुणा करून ठेवल्या तर पावसाने जातील, ऑइलपेंट वापरा.

आता दुर्बीण. फिल्टर नेहमी पुढच्या तोंडाला. जुन्या दुर्बिणींसोबत आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) फिरवून बसवायची काळी काच येते, ती फेकून द्या. सगळी उष्णता एकवटते त्या जागी ती काच असते आणि तडकली की डोळा तिच्या मागेच असतो. सोलर फिल्म घनता ५ ची घ्या, ३.८ ची फिल्म फक्त कॅमेऱ्यासाठी असते, तिच्यातून डोळा लावायचा नाही. फिल्म ताणून बसवू नका, सैल सुरकुत्या चालतात. कडा तीन बाजूंनी चिकटपट्टीने नळीला बांधा, कारण ऑगस्टातला वारा टोपीसारखा फिल्टर उडवतो. मोठ्या नळीवर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीवर झाकण, तेही चिकटपट्टीसकट. हे विसरलं जातंच.

नेम धरताना नळीतून बघायचं नाही. नळीची सावली जमिनीवर बघत राहा. सावली सगळ्यात आखूड, गोल झाली की सूर्य आत आला.

काळ्या मातीच्या मैदानावर पाऊस झाला असेल तर ट्रायपॉडचे पाय तासाभरात बोटभर खचतात. प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा. बास्केटबॉलचं काँक्रीट कोर्ट मिळत असेल तर प्रश्नच मिटला.

हिशेबनीस

एक दुर्बीण, एक माणूस, २० सेकंद बघणं, १० सेकंद बदली. तासाला १२०. तीन दुर्बिणी आणि दीड तास धरला तर ५४०, तेही आभाळ पूर्ण मोकळं असेल तर. ढगांत निम्मे धरा. उरलेल्यांना रांगेत उभं करून रिकाम्या हाती पाठवायचं नसेल, तर पडद्यावर प्रतिमा पाडण्याला पर्याय नाही. तिथे एका वेळी वीस-पंचवीस जण बघतात, बोलतात, फोटो काढतात.

चष्मे माणशी एक घेऊ नका, तिघांत एक पुरतो. वर दहा टक्के राखीव. पैसे वाचतात त्याहून मोठा फायदा असा की चष्म्यावरून वर्गातले लोक एकमेकांकडे लक्ष ठेवतात.

आरशाचा खेळ

वरच्या पडद्याच्या मुद्द्याला जोडून. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात देखणं साधन म्हणजे खिशातला आरसा. काळ्या कार्डाला ६ मिलिमीटरचं गोल भोक पाडा, कार्ड आरशावर चिकटवा, आरसा मैदानात उन्हात ठेवा आणि कवडसा २० मीटरवरच्या अंधाऱ्या वर्गात, पांढऱ्या भिंतीवर टाका. प्रतिमेचा व्यास म्हणजे अंतर भागिले १०९, म्हणजे २० मीटरला सुमारे १८ सेंटिमीटर. जेवणाच्या छोट्या ताटलीएवढा सूर्य! चंद्राने चावलेली कड बोट लावून दाखवता येते.

भोक मोठं केलं की प्रतिमा उजळ पण धूसर होते; लहान केलं की विवर्तनाने (भोकाच्या कडेशी प्रकाश पसरल्याने) पुन्हा धूसर. २० मीटरला ६, ५ मीटरला ३ मिलिमीटर हे माप धरा. भोकाचा आकार चौकोनी झाला तरी प्रतिमा गोलच येते. पोरांना हे आधी दाखवा, मग का ते विचारा.

आरसा बसवायला प्लॅस्टिकचा चेंडू वाळूने अर्धा भरा, त्यावर आरसा चिकटवा आणि चेंडू बांगडीवर किंवा कुंडीच्या कड्यावर ठेवा. कोणत्याही बाजूला फिरतो, जिथे ठेवला तिथे थांबतो. मात्र एक विद्यार्थी सतत तिथे हवा, कारण पृथ्वी फिरते आणि प्रतिमा दर दोन मिनिटांना स्वतःच्या रुंदीएवढी सरकते. खिडकीला काळं कापड, वरच्या कोपऱ्यात हाताएवढी फट. आरसा आणि खिडकी यांच्या मधून जाण्याची वाट दोरी लावून बंद करा. कोणी आरशात वाकून बघितलं तर ते सूर्याकडेच बघणं आहे.

चाळण

चाळणीच्या सावलीत शेकडो चंद्रकोरी, हे चित्र सगळ्यांना माहीत असतं आणि म्हणूनच या वेळी जपून. ग्रहण आपल्याकडे उथळ आहे, कोर होणार नाही. एका बाजूने चावलेली भाकरी होईल. एवढासा चावा मोठ्या भोकातून दिसतच नाही.

बुंदीच्या झाऱ्याची भोकं चार-पाच मिलिमीटरची. मीटरभरावर सूर्याची प्रतिमा ९ मिलिमीटरची, तिच्यात तेवढाच धूसरपणा मिसळला की सगळे ठिपके गोल. झारा तीन मीटर उंचीवर, म्हणजे पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून धरावा लागतो. मैद्याची चाळण उलटी फसते: भोकं इतकी दाट की ठिपके एकमेकांवर चढतात. पुरणयंत्राची बारीक जाळी सगळ्यात बरी. त्यातलीही एकाआड एक भोकं चिकटपट्टीने बुजवली तर आणखी छान. खरेदी भांडी बाजारात करणार असाल तर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. पर्वणीच्या आधी गंगेकडच्या (गोदाकाठच्या) गल्ल्यांत गाडी न्यायचा विचार सोडा.

पिनहोलमधली (बारीक भोकातून पडलेली) प्रतिमा उलटी असते हे फलकावर लिहा. पश्चिमेकडे तोंड करून चष्म्यातून पाहिलं तर चावा सूर्याच्या खालच्या डाव्या बाजूने सुरू होईल, कारण चंद्र सूर्याच्या दक्षिण कडेवरून जातो. सूर्याकडे पाठ करून समोर धरलेल्या कागदावर तोच डावीकडे वर दिसेल. नाही सांगितलं तर दर पाच मिनिटांनी कोणीतरी येऊन ‘तुमचं उलटं दाखवतंय’ म्हणणार.

चष्मा तपासनीस

आयएसओ १२३१२-२ हा छाप हवा, पण छाप कोणीही छापतो. म्हणून प्रत्येक नग तपासायचा. घरातल्या ट्यूबलाइटमध्ये चष्म्यातून काहीही दिसता कामा नये. मोबाइलचा टॉर्च डोळ्यासमोर धरला तर फार तर एक मंद ठिपका. मग चष्मा टॉर्चसमोर धरून सुईएवढी भोकं शोधा. २०१९ चे उरलेले चष्मे कपाटात असतील तर दुमडलेल्या रेषेवर हमखास चिरा सापडतात. बाद केलेला चष्मा कचऱ्यात टाकायचा नाही, आडवा कापून टाकायचा, नाहीतर तो उचलून कोणीतरी घालतो.

वेल्डिंगची काच चालते, पण १४ नंबरची. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या दुकानांत विचारलं की ११ नंबर पुढे करतात, ‘साहेब, हीच सगळे नेतात’. ती वेल्डिंगला बरोबर, सूर्याला अपुरी. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, दोन गॉगल एकावर एक, हळदीचं पाणी, शेणाचं पाणी, सगळं बाद. डोळ्याच्या पडद्याला दुखत नाही, म्हणून भाजतंय हे कळत नाही. नजरेच्या मधोमध डाग काही तासांनी जाणवतो. चष्मा घालून दुर्बिणीला डोळा लावणं तर सगळ्यात वाईट, फिल्म क्षणात जळते.

पावसाळ्यातला खरा धोका वेगळाच. पातळ ढग आला की चष्म्यातून काहीच दिसत नाही, माणूस ‘हा खराब आहे’ म्हणत तो काढतो आणि ढगाआडचा सूर्य उघड्या डोळ्यांनी बघत राहतो. तेवढ्यात ढग सरकतो. स्वयंसेवकांना एकच वाक्य पाठ करायला लावा: दिसत नसेल तर मान खाली.

घंटा

ऑगस्टात आभाळ उघडतं ते दोन-तीन मिनिटांसाठी. कार्यक्रम सभागृहात आणि घंटा मैदानात, अशी रचना करा. एक माणूस फक्त पश्चिमेकडे बघत बसणार. फट येताना दिसली की शाळेची पितळी घंटा. भाषण अर्धवट सोडून सगळे बाहेर. वक्त्यांना हे आधी सांगून ठेवलं की राग येत नाही. सूर्य बघून झाला की आत, पुढचं वाक्य.

वेळापत्रकाला या ग्रहणाने एक भेट दिली आहे. इजिप्तमध्ये लक्सरजवळ खग्रास अवस्था सहा मिनिटांहून जास्त टिकणार आहे आणि ती आपल्या घड्याळात ३.३५ च्या आसपास येते. तिथे ऑगस्टात आभाळ बहुतेक निरभ्र. तेव्हा साडेतीनला सभागृहात थेट प्रक्षेपण, मग मैदान. आपल्याकडच्या स्पर्श (ग्रहण लागणं), मध्य आणि मोक्षाचे (ग्रहण सुटणं) नेमके मिनिट त्या वर्षीच्या राष्ट्रीय पंचांगातून घ्या, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांतून नको.

प्रक्षेपण मोबाइल डेटावर अवलंबून ठेवू नका. पर्वणीच्या गर्दीत टॉवर गुदमरतात. तारेचं इंटरनेट, यूपीएस, आणि जुन्या खग्रास ग्रहणाचा एखादा व्हिडिओ आधीच उतरवून ठेवलेला.

गंगापूर रोडकर

पर्वणीबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून. सोमवार आणि अमावस्या, म्हणजे सोमवती. त्यात अमृतस्नान आणि त्यात ग्रहण. सकाळची गर्दी स्नानाची, आणि संध्याकाळी मोक्ष झाला की ग्रहण सुटल्याचं स्नान करायला पुन्हा रामकुंडाकडे लोंढा. तुमचे पाहुणे नेमके तेव्हा घरी निघणार. बाहेरगावच्या शाळांच्या बस बोलावू नका. उत्सव वसतिगृहातल्या आणि चालत येऊ शकणाऱ्या लोकांचा ठेवा. तालुक्यांतल्या शाळांना चष्मे आणि आरशाचं साहित्य आठवडाभर आधी पोचवा, त्यांचं ग्रहण त्यांच्या अंगणात होऊ द्या. कार्यशाळा, प्रश्नमंजूषा, प्रदर्शन शुक्रवार-शनिवारीच संपवा. सुट्टी जाहीर झाली तर सोमवारी कॅम्पसवर कोण उरेल याची यादी आतापासून करा.

कॅन्टीन

सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, म्हणजे काही घरांत सकाळपासून चूल बंद. स्टॉल लावा, पण मैदानाच्या कडेला. ग्रहणात मिसळ खाऊन दाखवणं हा काहींना कार्यक्रम वाटतो. खाणाऱ्याने खावी, न खाणाऱ्याच्या तोंडासमोर प्लेट नाचवू नये. उपाशी स्वयंसेवक चार तास उभा राहतो आणि पाचच्या सुमाराला बसतो, तेव्हा कोण पाळणार आहे हे आदल्या दिवशी विचारा आणि त्यांना बसायची कामं द्या. वेध पाळणाऱ्यांपैकी बरेच जण तुळशीचं पान टाकलेलं पाणी घेतात. एक पिंप तसं ठेवायला काहीच खर्च नाही.

फलकवाला

प्रदर्शनातल्या तीन चुका. ‘जग सहा मिनिटं अंधारात’ हा संदेश २०२५ च्या जुलैतही २ ऑगस्ट म्हणून फिरला होता. अंधार फक्त खग्रासच्या पट्ट्यात होतो, नाशकात ऊन जेमतेम उतरेल. दुसरी, हेलियमचा शोध. विजयदुर्ग किल्ल्यावरचा साहेबाचा कट्टा जरूर दाखवा, पण इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरला त्यावर उभा करू नका. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. लॉकियर इंग्लंडातच होता आणि त्याने ऑक्टोबरात ग्रहणाशिवाय सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा पाहिली. तिसरी, चंद्र आणि पृथ्वीची चित्रं. पृथ्वी लिंबाएवढी काढली तर चंद्र बोराएवढा आणि तीस लिंबांच्या अंतरावर हवा. फलकावर मावत नाही, म्हणून व्हरांड्यात दोरी लावा.

प्रयोगशाळा

तापमान घसरलं, पक्षी परतले असले प्रयोग या वेळी सोडा. ग्रहण उथळ आहे आणि एक ढग त्याहून मोठा फरक पाडतो. त्यापेक्षा स्पर्शाची वेळ मोजा. चार जण, चार साधनं, एकच घड्याळ, एकमेकांना न विचारता. चावा डोळ्याला कळेपर्यंत काही सेकंद उलटलेले असतात, आणि किती उलटले हे साधनागणिक बदलतं. दुर्बिणीवाला आधी ओरडणार, झारेवाला सगळ्यात शेवटी. तो फरक तक्त्यावर मांडायला दहा मिनिटं पुरतात.

चाळण

झारेवाल्यांवरची टीका मान्य. पुरणयंत्राची जाळी मोजून बघा, मग बोलू.