हॉप्स: कडवटपणा वेगळा, वास वेगळा

हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं. 'हॉपी बिअर आवडायला हवी असेल तर आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक) हळूहळू वाढवत न्या' हा सल्ला मला अर्धाच पटला. जिभेला सवय लागते हे खरं, पण हॉप्स म्हणजे नुसता कडवटपणा नव्हे. त्यातली अल्फा आम्लं उकळताना बदलतात आणि कडवटपणा उतरतो; वासाची तेलं मात्र त्याच उकळीत उडून जातात. म्हणून तासभर उकळलेले हॉप्स कडू लागतात, आणि शेवटच्या ५ मिनिटांत किंवा आंबतानाचं फसफसणं ओसरल्यावर टाकलेले वासाला उतरतात. मला गोडी लागली ती या दुसऱ्या प्रकाराने. कॅस्केड या जातीच्या हॉप्सची एक दाबून केलेली गोळी तळहातावर चुरडून हुंगा: पपनसाची साल, थोडा फुलांचा वास, बोटं चिकट. तोच वास ग्लासात ओळखता आला की मागून येणारं कडू खटकत नाही.

आणि घरी बिअर करणाऱ्या ठाणेकरांनी आंबवण्याचं तापमान विसरू नये. एल प्रकारच्या बिअरच्या नेहमीच्या यीस्टला साधारण १८-२० अंश मानवतात. मे महिन्यात घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये ते कुठून आणायचे? उकाड्यात आंबलेल्या आयपीएला (भरपूर हॉप्स घातलेल्या एलला) उग्र दर्प येतो आणि दोष हॉप्सच्या माथी जातो. मी उन्हाळ्यात नॉर्वेचं व्हॉस क्वाइक हे यीस्ट वापरतो. ३५ अंशांनाही ते बिनतक्रार काम करतं, वर संत्र्याची झाक देतं, ती कॅस्केडशी फार छान जुळते. हॉप्सचं पाकीट मात्र हवा काढून फ्रीझरमध्येच ठेवा, बाहेर राहिलं की त्याला जुन्या चीजचा वास लागतो.